गोरिलाला ‘ते’ म्हणायचं की ‘तो’?

मागच्या आठवड्यात वर्कशीटचा गठ्ठा तपासताना एका कागदावर माझ्याच छापील प्रश्नात दुरुस्ती केलेली सापडली. ‘पिंजऱ्यात राहणारा गोरिला’ अशा अर्थाची ओळ मी इंग्रजीत लिहिली होती आणि गोरिलासाठी ‘दॅट’ वापरलं होतं. त्या मुलाने ‘दॅट’वर पेन्सिलीने रेघ मारून वर ‘हू’, म्हणजे इंग्रजीत माणसांसाठी वापरतात तो शब्द, लिहिला होता. खाली उत्तराची जागा कोरीच होती. वाचनाच्या तासाला वर्षभर खिडकीबाहेर बघत बसलेला हा मुलगा. तो कागद मी गठ्ठ्यातून काढून माझ्या वहीत ठेवला.

मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. आमच्या शाळेत वर्षभरात काही अख्ख्या कादंबऱ्या वर्गात वाचल्या जातात, एकेकीला पाच-सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मला हे फारच सावकाश वाटायचं. एवढ्या दिवसांत किती धडे झाले असते, असा हिशेब मनात चालायचा. आता तो चालत नाही, आणि त्याला मुख्यतः एक पुस्तक कारण आहे: कॅथरीन ॲपलगेट यांची ‘द वन अँड ओन्ली आयव्हन’. 2012 साली आलेली ही कादंबरी, बालसाहित्यासाठी अमेरिकेत दिलं जाणारं न्यूबेरी पदक 2013 मध्ये मिळालेली. एका शॉपिंग मॉलमधल्या छोट्या सर्कशीत ठेवलेला आयव्हन नावाचा गोरिला स्वतःच आपली गोष्ट सांगतो. शेजारी स्टेला नावाची म्हातारी हत्तीण आहे, बॉब नावाचा भटका कुत्रा आहे आणि नंतर रूबी नावाचं हत्तीचं पिल्लू येतं.

प्रकरणं अगदी लहान, काही तर अर्ध्या पानाची. वाक्यं तुटक, पानावर भरपूर मोकळी जागा. जाड पुस्तक पाहिलं की पोटात दुखू लागणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि माझ्या वर्गात इंग्रजी नव्याने शिकणारीही आहेत. त्यांना एका बैठकीत सात-आठ प्रकरणं संपवल्याचा आनंद मिळतो, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण वाक्यं सोपी म्हणून पुस्तक सोपं नाही. आयव्हन कमी बोलतो, कारण त्याला फार आठवायचं नाहीये. ‘हा आपल्या घराबद्दल काहीच का सांगत नाही?’ हा प्रश्न मुलांनी स्वतःहून विचारेपर्यंत मी थांबते. यंदा तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने विचारला.

स्टेलाच्या पायाची जखम चिघळते, डॉक्टरला बोलवायला उशीर होतो आणि ती जाते. ही प्रकरणं मी मुलांना मनात वाचायला देत नाही, गालिच्यावर सगळ्यांना जवळ बसवून मोठ्याने वाचते. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकांची यादी घरी जाते, तेव्हा एखाद्या पालकाचा हमखास निरोप येतो की दुःखी भाग गाळता येईल का. त्यांची काळजी मला कळते. पण तो भाग गाळला तर आयव्हन स्टेलाला मरताना जे वचन देतो तेही गळतं, आणि मग पुढची सगळी कादंबरी कशासाठी चालली आहे हेच मुलांना कळणार नाही. म्हणून मी गाळत नाही. वाचून झालं की लगेच प्रश्नही विचारत नाही. दिवे मंद करते, ज्याला चित्र काढायचंय त्याने चित्र काढावं, ज्याला बसून राहायचंय त्याने बसून राहावं.

खरी खडाजंगी होते ती मॉलचा मालक मॅक याच्यावरून. त्याने आयव्हनला लहानपणी स्वतःच्या घरात मुलासारखं वाढवलं, आणि आयव्हन मोठा झाल्यावर पिंजऱ्यात ठेवलं. मॅक वाईट आहे का? वर्गाच्या एका भिंतीपाशी ‘हो’ म्हणणारे, समोरच्या भिंतीपाशी ‘नाही’ म्हणणारे, आणि वाटेल तेव्हा जागा बदलायची मुभा. अट एवढीच, की पुस्तकातलं पान दाखवून बोलायचं. यंदा शेवटी निम्मा वर्ग मधोमध उभा होता.

सर्वनामाचा विषय निघाला तो या वादातच. एक मुलगा मॅकची बाजू मांडताना गोरिलाला ‘इट’ म्हणाला आणि तिघी-चौघी एकदम ओरडल्या, “ही!”, म्हणजे इंग्रजीतलं ‘तो’. मी वाद तिथेच थांबवला आणि फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. इंग्रजीत प्राणी मधेच लटकलेला असतो. घरातल्या कुत्र्याला नाव असतं म्हणून तो ‘ही’ होतो, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याचा पटकन ‘इट’ होतो. मुलांनी विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी सांगायला लागले आणि सांगता सांगताच मला पहिल्यांदा नीट उमगलं. आपल्याकडे तो हत्ती, ती हत्तीण, आणि ते पिल्लू. ते वासरू, ते कोकरू, ते मांजर. पण ते बाळ आणि ते लेकरूही! आपलं नपुंसकलिंग टेबल-कपाटासाठी राखून ठेवलेलं नाही. रूबीला मराठीत ‘ते पिल्लू’ म्हटलं तर ती वस्तू होत नाही, उलट कडेवर घेण्याइतकी लहान होते.

त्यावर नेहमी गप्प असणाऱ्या एका मुलीने हात वर केला. तिच्या घरी व्हिएतनामी बोलतात. त्या भाषेत प्राण्याच्या नावाआधी ‘कॉन’ असा शब्द लावतात, आणि मूल या अर्थीही तोच शब्द आहे. ती म्हणाली, “माझी आई मलाही कॉनच म्हणते.” वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकाने विचारलं, मग तुमच्याकडे आयव्हन आणि तू एकाच शब्दात बसता? ती हसून हो म्हणाली. त्या वर्षातला तिचा हा सगळ्यात लांब संवाद होता, आणि तो मी आखलेला नव्हता.

आयव्हन खराखुरा होता, हे मी शेवटपर्यंत सांगत नाही. पहिल्या वर्षी आधीच सांगून टाकलं होतं. मुलं फोटो शोधत बसली आणि कादंबरी मागे पडली. आता शेवटचं पान मिटल्यावर सांगते. खरा आयव्हन काँगोच्या जंगलातून पिल्लू असतानाच आणला गेला. काही वर्षं माणसांच्या घरात राहिला आणि मग टाकोमा शहरातल्या एका शॉपिंग सेंटरमध्ये 27 वर्षं काँक्रीटच्या खोलीत एकटा राहिला. टाकोमा आमच्याच राज्यात आहे, हे ऐकल्यावर वर्गाचा चेहरा बदलतो. मुलं लगेच वहीत गुणाकार करतात: 27 गुणिले 365, म्हणजे 9,855 दिवस. कोणीतरी लीप वर्षांची आठवण करून देतं आणि आकडा आणखी वाढतो. लोकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर 1994 मध्ये तो अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तिथे त्याला पायाखाली गवत मिळालं आणि आसपास दुसरे गोरिला. तो रंगांनी चित्रंही काढायचा. पुस्तक आलं त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, तो वारला. पन्नास वर्षांचा होता.

“त्याला कोणी वाचून दाखवलं का?” एका मुलाने विचारलं. माहीत नाही, म्हटलं. दुसरा म्हणाला, “त्याला ठाऊकच होतं की.”

टाकोमाच्या प्राणिसंग्रहालयात आता आयव्हनचा ब्राँझचा पुतळा आहे. त्या शनिवारी दोन कुटुंबं मुलांच्या हट्टामुळे तिकडे जाऊन आली. सोमवारी मुलांनी मला फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत मुलं पुतळ्याच्या हाताला हात लावून उभी आहेत.

मी वर्कशीटची फाइल उघडून पुढच्या वर्षासाठी दुरुस्त केली आहे. आयव्हन, स्टेला, बॉब, रूबी, सगळ्यांसाठी ‘हू’. पिंजऱ्यातल्या टीव्हीसाठी ‘दॅट’ राहू दिलं. अडले ते एकाच ठिकाणी. मॅक आयव्हनला कापडी गोरिला देतो, आणि आयव्हन हरवलेल्या बहिणीची, टॅगची, आठवण म्हणून त्याचं नाव ‘नॉट-टॅग’ ठेवतो. त्या वाक्यात मी जागा रिकामी सोडली आहे. ती मुलांनी भरायची.