तुम्ही विचारलंत म्हणून: जावई ऑर्केस्ट्रात का नाहीत?

दर गणपतीत, पुण्याच्या प्रत्येक मुक्कामात कुणीतरी विचारतंच. "जावई चेलो, ते मोठं व्हायोलिन, वाजवतात ते छानच, पण ऑर्केस्ट्रात का नाहीत? एवढं शिकून शाळेत पोरांना का शिकवतात?" आजवर "त्याला शिकवायला आवडतं" म्हणून मी विषय बदलत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

मी आणि माझा नवरा राहतो त्या एस्टोनियाची लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहून कमी. राजधानी टॅलिनची संगीत अकादमी १९१९ पासून वादक घडवते आहे आणि पगारी ऑर्केस्ट्रा मात्र बोटांवर मोजण्याइतके: राष्ट्रीय सिम्फनी, ऑपेरा, तार्तू शहरातलं वानेमुइने नाट्यगृह, टॅलिनचा चेंबर ऑर्केस्ट्रा. मोठ्यातल्या मोठ्यातही चेलोवाले दहाएक. कुणी निवृत्त झालं तरच जागा सुटते. तेव्हा "नोकरी का धरली नाही" असं विचारू नका, मावशी. ती धरायला समोर असावी लागते.

"नाव कुठे ऐकलं नाही हो त्यांचं," हेही ऐकून झालंय. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांनी १९६६ मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक रोस्त्रोपोविचसाठी 'प्रो एत कोंत्रा' हा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, लिहिला. तो पहिल्यांदा वाजवला १९६७ मध्ये टॅलिनला, तोमास वेल्मेत यांनी. रोस्त्रोपोविच तुम्हाला माहीत असतील, वेल्मेत नसतील. तरी ते वाजवणं झालंच ना?

आता ज्यामुळे मी विषय बदलते ते सांगते.

एकदा जागा सुटली होती, आमच्या लग्नानंतर दुसऱ्या हिवाळ्यात. कुठल्या ऑर्केस्ट्रात ते राहू द्या. ऑडिशन पडद्यामागे असते. परीक्षकांना वादक दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आठ महिने घरात हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो घुमत होता, मलाही तो पाठ झाला होता. बाहेर उणे अठरा. मी चेलोची रिकामी पेटी मांडीवर घेऊन दाराबाहेर बसले होते. सुरुवात सुंदर झाली, घरातल्या सगळ्या दिवसांपेक्षा सुंदर. मग वरची तार घसरली. खुंटी लाकडात सरकते तेव्हा 'कर्रर' असा बारीक आवाज येतो, तंबोरा लावणाऱ्यांना तो माहीत असेल. पियानो थांबला. त्यानं तार लावली, आतून कुणीतरी शांतपणे सांगितलं, पहिल्यापासून घ्या. त्यानं घेतलं. त्याच जागी पुन्हा कर्रर. तिसऱ्या वेळी तार टिकली, पण आता तो प्रत्येक सुराआधी थांबून जणू खुंटीकडे कान लावत होता. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगठ्यावर खुंटीचा लाल वळ होता.

ट्रामच्या थांब्यावर मी म्हणाले, "आधी बघायला नको होतं का?"

तो काही बोलला नाही.

थंडीत घर तापवलं की हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि खुंट्या ढिल्या होतात. हे मला तेव्हाही माहीत होतं, त्यानंच शिकवलं होतं. आदल्या रात्री मला थंडी सोसेना म्हणून रेडिएटर पूर्ण वाढवला तो मीच. चेलो त्याच खोलीत होता. एका रात्रीत एवढं होतं का? मी कितीदा स्वतःशी भांडले आहे. ही गोष्ट वादकानं सांभाळायची, बायकोनं नाही. आणि दुसऱ्या बाजूनं, मला माहीत होतं. तो म्हणतो, खुंटी टिकली असती तरी जागा मिळालीच असती असं नाही, त्या दिवशी पडद्यामागे त्याच्याहून चांगले दोघं होते. मला हे समजूत घालण्यासाठी सांगतो की खरंच, ते आजही कळत नाही. रेडिएटरचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला सांगते आहे, हे बरोबर नाही हेही कळतं.

दोन वर्षांनी आणखी एक जागा सुटली. त्यानं अर्ज भरला नाही. तेव्हा मी चिडले होते, भित्रा म्हटलं होतं. आज तो शब्द मी वापरणार नाही, पण तेव्हाचा राग खोटा होता असंही म्हणवत नाही.

मागच्या जानेवारीत त्याच्या वर्गात जाऊन बसले. सात वर्षांची मुलगी, छोटा चेलो. धडा सुरू होण्याआधी त्यानं चारही खुंट्या एकेक करून आत दाबत फिरवल्या, मग तिच्याकडून करून घेतल्या. तिच्या बोटांत जोर नव्हता. तिला जमेपर्यंत तो थांबला, बराच वेळ, आणि मगच गज हातात दिला.