डावीकडे बघा, उजवीकडे बघा, चला बसा

सिटी टूरची बस आठला निघणार असं छापलेलं असतं आणि ती निघतेही आठला, त्यात खोटं काही नाही, फक्त ती निघते उरलेली माणसं गोळा करायला. ह्या हॉटेलातून चार, त्या गल्लीच्या तोंडाशी दोन, मग एका ठिकाणी एक जोडपं अजून खोलीतून खालीच आलेलं नसतं म्हणून क्लीनर वर पळतो आणि गाईड फोन लावत बसतो. जो सगळ्यात आधी चढला तो सगळ्यात जास्त फिरतो, आणि पहिला पॉइंट यायच्या आत त्याची शहरातली निम्मी हॉटेलं बाहेरून बघून झालेली असतात. शेवटी ते जोडपं चढतं तेव्हा सगळी बस त्यांच्याकडे इतकं निरखून बघते की पुढे दिवसभरात तेवढं निरखून काहीच बघितलं जात नाही.

तरी मला ह्या प्रकाराचा राग आहे असं नाही हां. अनोळखी गाव, हातात एकच दिवस, भाषा येत नाही, बरोबर गुडघे दुखणारी माणसं, अशा वेळी दुसरा सोपा मार्ग असतोच कुठे. पण संध्याकाळी उतरताना काहीतरी हुकल्यासारखं वाटतंच. बरं भांडायला जावं तर मुद्दा सापडत नाही, कारण कागदावरचे सगळे पॉइंट झालेले असतात, एकही सुटलेला नसतो. घोडं अडतं ते तिथेच. टूरवाल्याने विकलेली असते यादी, आणि आपण पैसे मोजलेले असतात शहराचे.

ती यादी एकदा नीट वाचायला हवी, एखाद्या वकिलाने वाचावी तशी. त्यात नुसतं नाव असेल तर आत जायला मिळतं. नावापुढे 'बाहेरून' असेल तर बस थांबते पण आपण फाटकापाशीच. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा मिनिटं, त्यातली चार उतरण्यात आणि चार चढण्यात. आणि 'जाता जाता' म्हणजे गाईड माइकमध्ये "डावीकडे बघा" म्हणतो तेव्हा आपण उजव्या खिडकीत असतो, उठून मान लांब करेपर्यंत डावीकडे एक बँक आणि पेट्रोल पंप दिसतो. दिल्लीतल्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरलेली आहेत, बसच्या काचेतून त्यातलं एक अक्षर दिसत नाही, पण यादीत इंडिया गेटवर टिकमार्क पडलेला असतो. पॅरिसच्या टूरमध्ये लूव्र म्युझियम असतंच, फक्त कित्येकदा ते म्हणजे अंगणातला काचेचा पिरॅमिड, जो १९८९ सालचा आहे, बाकी आतलं सगळं तुम्ही पुन्हा कधीतरी या. अर्थात आत नेणाऱ्या टूरचं सुख वेगळंच, मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटरची, त्यावर काच, आणि मध्ये दोनशे मोबाईल वर केलेले हात.

सुट्टीचा वार हा आणखी एक मजेशीर भाग आहे. लाल किल्ला सोमवारी बंद, लोटस टेंपल सोमवारी बंद, अक्षरधाम सोमवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी, लूव्र मंगळवारी. हे वार काही गुपित नाहीत, वर्षानुवर्षं तेच आहेत, तरीपण सोमवारी दिल्ली दर्शनाची बस काढणारे असतातच आणि ती भरतेही. मग गाईड लाल किल्ल्याच्या समोर उभा राहून अशा काही उत्साहाने तटबंदीचं वर्णन करतो की जणू आत काही नाहीचे. आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात "स्थळ बंद असल्यास पर्यायी स्थळ दाखवण्यात येईल" हे वाक्य असतंच. पर्यायी स्थळ म्हणजे बहुतेक वेळा दुकान, त्यावर येतोच.

पण माझ्या मते सगळ्या सिटी टूरचं सार बघायचं तर हैदराबादला गोवळकोंड्यावर जावं. तिथे खाली फतेह दरवाज्यात कमानीखाली एका ठरावीक जागी टाळी वाजवली की ती वर किल्ल्याच्या माथ्यावर, बाला हिसारपाशी, जवळपास एक किलोमीटरवर, ऐकू जाते. खाली कोण आलंय ह्याची वर्दी वर पोचावी म्हणून त्या काळी केलेली योजना, आणि खरंच थक्क व्हावं अशी चीज आहे. गाईड मधोमध उभा राहून टाळी वाजवतो. मग एक काका वाजवतात, मग त्यांची नातवंडं, मग सगळी बस. सगळे खूश. पण ऐकणार कोण? गंमत जी आहे ती वर आहे, वर जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आणि बसने दिलेला वेळ पाऊण तास, त्यात तिकिटाची रांग, त्यात बाथरूम. म्हणून आमच्या बसमधलं कोणी वर गेलं नाही, शेजारच्या बसमधलंही नाही, पुढची बस आली तीही खालीच टाळ्या वाजवायला लागली. दिवसभर त्या कमानीखाली टाळ्यांचा कडकडाट चालू आणि वर ऐकायला बहुधा स्वतःच्या पायांनी आलेले दोन-चार कॉलेजचे पोरं-पोरी. मी गाईडला म्हटलं मी वर जाऊन येतो, तुम्ही खालून वाजवा. तो फार समजुतीच्या स्वरात म्हणाला, साहेब वर गेलात तर चारमिनार जाईल. त्याचंही बरोबरच होतं, चारमिनार यादीत होता.

त्याच शहरात सालारजंग म्युझियममध्ये एक मोठं घड्याळ आहे, दर तासाला त्यातून एक छोटासा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. समोर बसून लोक वाट बघतात, बाराला तर विशेष गर्दी, कारण टोले बारा. आमची बस पोचली बारा वाजून थोडी मिनिटं झाल्यावर. निघायची वेळ पाऊणची. म्हणजे बाराचे टोले गेले आणि एकचा टोला यायच्या आत आपण बाहेर. वेळापत्रक कोणी लिहिलं असेल त्याला भेटावंसं वाटतं कधीकधी, वाईट हेतूने नाही, नुसतं विचारायला की बाबा तू स्वतः आत कधी गेला होतास का. तिथेच बुरखा घेतलेल्या रिबेकाचा पुतळा आहे, संगमरवराचाच बुरखा आणि त्यातून चेहरा दिसतो, बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराचं काम. त्याच्यासमोर मी उभा राहतोय न राहतोय तोच मागून गाईडची झेंडी हलली. (त्या झेंडीचा रंग मला आजही आठवतो. रिबेकाच्या बोटांची घडण आठवत नाही.)

गाईड लोकांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, रोज तेच तेच बोलायचं आणि चाळीसातल्या पस्तीस जणांनी झोपायचं, सोपं नाहीये ते. पण त्यांच्या बोलण्याचा एक ठरलेला साचा असतो. उंची किती, वजन किती, बांधायला वर्षं किती, आणि आशियातलं दुसऱ्या नंबरचं. पहिल्या नंबरचं कुठे आहे ते कधी कळत नाही, मी जिथे जातो तिथे दुसऱ्याच नंबरचं असतं. त्यातून कहाण्या. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडले ही गोष्ट ऐकल्याशिवाय आग्र्याहून कोणी परत येत नाही, त्याला त्या काळातला काडीचाही पुरावा नाही. नदीपलीकडे शाहजहान काळा ताज बांधणार होता ह्या गोष्टीचीही तीच गत, तिथल्या मेहताब बागेत उत्खनन झालं तेव्हा जे काळे दगड सापडले ते मुळात पांढरेच होते, काळवंडलेले. आणि घोड्यावरचा पुतळा दिसला की जगातला कुठलाही गाईड सांगतो, एक पाय वर असेल तर स्वार जखमी होऊन गेला, दोन वर असतील तर रणात पडला. पुतळे करणाऱ्यांनी असा काही नियम पाळलेला नाही, वाटेल तसे पाय आहेत. पण गाईडला सांगायला आवडतं आणि खरं सांगायचं तर बसमधल्या लोकांनाही तेवढंच लक्षात राहतं, बांधणीचं साल कोणाला हवंय. ह्यात गाईडपेक्षा आपलाच वाटा जास्त असावा असा मला संशय आहे.

आता दुकान. प्रत्येक टूरमध्ये एक दुकान असतं, यादीत नसतं पण असतं. कुठे गालिचे, कुठे रेशीम, कुठे दगडाची नक्षी, कुठे अत्तर, कुठे हिरे पॉलिश करायचा 'कारखाना' जिथे एकच माणूस एकाच मशीनवर बसलेला असतो आणि आपण गेलो की मशीन चालू होतं. किल्ल्याला पाऊण तास देणारी बस इथे दीड तास थांबते आणि कोणालाही घाई नसते, गाईडसुद्धा एकदम निवांत होतो, झेंडी गुंडाळून ठेवतो. कारण उघड आहे. टूरचं तिकीट स्वस्त ठेवायचं तर डिझेल, पार्किंग, परमिट, गाईडचा रोज हे कुठून तरी भरून यायला हवं, ते दुकानाच्या कमिशनमधून येतं, आणि कित्येक ठिकाणी गाईडची खरी कमाईसुद्धा तीच असते. चीनमध्ये तर हे इतकं वाढलं की जवळजवळ फुकट टूर विकून लोकांना दुकानात कोंडायला लागले, शेवटी २०१३ च्या पर्यटन कायद्यात त्यांना ते बंद करण्याचं कलम घालावं लागलं. थायलंडने २०१६ मध्ये अशाच टूर चालवणाऱ्यांवर धाडी घातल्या.

आणि हे आजकालचं आहे असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरवातीला न्यूयॉर्कमध्ये उघड्या मोटारींतून शहर दाखवायची टूम निघाली होती, मागची रांग पुढच्यापेक्षा उंच अशी सीटं, आणि एक माणूस कर्णा तोंडाला लावून दोन्ही बाजूंची माहिती ओरडून सांगणार. गाडी रिकामी दिसली तर गिऱ्हाईक चढत नाही म्हणून भाडोत्री माणसं आधीच सीटांवर बसवून ठेवायचे. आणि चायनाटाउनात नेऊन लोकांना अफूचे अड्डे दाखवायचे, त्यातले कित्येक खोटे, पैसे देऊन बसवलेली माणसं अफू ओढायचं सोंग करायची आणि गाडीतल्या बायाबापड्या शहारून परत यायच्या. तो हिरे पॉलिश करणारा माणूस बघितला की मला हटकून ते आठवतं.

ह्यावर उपाय म्हणून हॉप-ऑन हॉप-ऑफ आली. पाहिजे तिथे उतरा, पाहिजे तितकं थांबा, मागची बस पकडा. कल्पना उत्तम, मीही फार आशेने चढलो होतो. पण मागची बस येत नाही. म्हणजे येते, 'दर वीस मिनिटांनी' ह्याचा अर्थ ट्रॅफिकच्या मनात असेल तेव्हा, आणि येते तेव्हा वरचा मजला भरलेला. वर जागा मिळालीच तर ऊन नाहीतर पाऊस, मधलं काही नाही. कानात ते एका कानाला चालणारं इयरफोन, भाषेचा आकडा फिरवला तरी मागच्या माणसाची भाषा लागते, आणि रेकॉर्डिंग बसच्या एक चौक पुढे किंवा मागे. कॅथेड्रलचा इतिहास ऐकत मी एका बांधकामाच्या पत्र्याकडे किती वेळ आदराने बघत होतो. पत्र्यावरून आठवलं, लंडनच्या बिग बेनची दुरुस्ती २०१७ पासून २०२२ पर्यंत चालली होती, त्यातला बराच काळ सगळा मनोरा परांचीत गुंडाळलेला. एवढी वर्षं लोक रोज बसमधून ते बांबू, म्हणजे तिथे लोखंडी पाइप, बघत होते आणि फोटोही काढत होते.

काही वेळा बसचा दोष नसतो हेही कबूल करायला हवं. कोपनहेगनच्या जलपरीचा पुतळा सव्वा मीटरचा आहे, ब्रसेल्सचा तो शू करणाऱ्या पोराचा पुतळा अर्ध्या मीटरपेक्षा जरासाच मोठा. जपानी लोकांत म्हणे जगातल्या तीन मोठ्या निराशा अशी एक यादीच चालते, हे दोघे आणि सिंगापूरचा मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला पुतळा. निदान त्यांच्यापुढे दहा मिनिटं पुरतात.

शेवटी फीडबॅक फॉर्म येतो. तो बरोबर अशा वेळी येतो की बस सिग्नलला अडकलीये, सगळ्यांना लघवीला लागलीये आणि गाईड अगदी शेजारी उभा राहून पेन देतोय. गाईड: उत्तम. वेळेचं नियोजन: उत्तम. स्थळं: उत्तम. सगळी बस भराभर उत्तम उत्तम करत सुटते, मीही करतो, त्या पोराच्या पोटावर कशाला पाय द्या. एकदा मात्र माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला, 'टूरमधील सर्वात आवडलेली गोष्ट' ह्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले, आणि मग स्वच्छ अक्षरात लिहिलं, सीट. मी हसलो तर म्हणाले, "मग? दिवसभर दुसरं काय नीट बघितलं आपण?"