बारा पिल्लांसाठी अठ्ठेचाळीस

पीएचडी आणि पोस्टडॉकची वर्षे माझ्या आठवणीत एका वाक्यात मावतात. प्राणी-प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीपुढे मात्र पाच महिने गेले आणि त्याची चीड अजून उतरलेली नाही.

माझा विषय उंदराच्या दृष्टिपटलाचा विकास. जन्मानंतर जवळपास दोन आठवडे पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, तरी त्याच काळात दृष्टिपटलात विद्युत-संदेशांच्या लाटा आपोआप उसळतात आणि मेंदूशी होणाऱ्या जोडण्यांना वळण देतात. सुमारे पहिल्या दहा दिवसांतल्या लाटा ॲसिटिलकोलिन या चेतापेशींमधल्या संदेशवाहक रसायनावर चालतात, नंतरच्या ग्लूटामेट या दुसऱ्या रसायनावर. मला पहिला टप्पा हवा होता, म्हणजे दिवस मोजकेच.

अर्जात प्राण्यांच्या संख्येचा रकाना होता. तिथे मी ४८ लिहिले आणि प्रत्यक्ष अभ्यासासाठी १२ बाधित पिल्ले, म्हणजे एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेली, लागतील असे खाली नमूद केले. अर्ज परत आला : उरलेली ३६ कशासाठी? आई-बाप दोघांकडेही बिघडलेल्या जनुकाची एकेकच प्रत असल्यामुळे सरासरीने चारांतल्या एकाच पिल्लात दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात, आणि ते पिल्लू कोणते हे जनुकीय तपासणीवाचून कळत नाही. हे गणित अर्जातच तक्ता करून मांडावे आणि निरोगी भावंडे तुलनेसाठी वापरणार असल्याचेही तिथेच लिहावे. मी ते दुसऱ्या फेरीत केले. दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो पिल्लांना मारण्याच्या पद्धतीवरून, कारण मी प्रौढ उंदरांसाठीची कार्बन डायऑक्साइडची वेळ जशीच्या तशी उतरवली होती. नवजात पिल्ले ऑक्सिजनचा अभाव बराच वेळ सोसतात, त्यामुळे तेवढ्या वेळात ती मरतीलच याची खात्री नसते. ही चूक माझीच होती, पण ते कबूल करायला मला आठवडा लागला. (पशुवैद्यांना अर्ज आधीच दाखवला असता, तर ही फेरी टळली असती.) तिसऱ्या फेरीत मात्र प्रयोगापूर्वी प्राण्याच्या दृष्टीची चाचणी कशी घेणार, असे विचारले गेले. मिटल्या डोळ्यांच्या पिल्लाची! त्या ओळीपुढे मी नम्रपणे ‘लागू नाही’ लिहिले आणि कारण चार ओळींत दिले. नम्रपणा तिसऱ्या मसुद्यात आला.

उंदरांचा वंश टिकवण्याची परवानगी वेगळी होती, म्हणून विणी चालूच होत्या. मंजुरीचे पत्र हातात पडले त्या दिवशी पिंजऱ्यातली पिल्ले ११ दिवसांची झाली होती, आणि नव्या जोडीच्या विणीसाठी मला आणखी तीन आठवडे थांबावे लागले.