साड्या बास, खराटे घ्या

"साड्या बास झाल्या. खराटे किती घेतलेत?"

सोलापूरकडच्या सीनाकाठच्या पूरग्रस्तांसाठी आज टेम्पो भरत होतो. सांगलीच्या गावभागातल्या एक मावशी आल्या, गठ्ठ्यांवर नजर टाकली आणि थेट हेच विचारलं. त्यांच्या पिशवीत खराटे, फिनेल, रबरी हातमोजे, सॅनिटरी पॅड.

"पाणी ओसरल्यावर घरात गाळ राहतो बाळा. तो काय जरीची साडी नेसून काढायचा?"

आमच्यातला एकजण हसला. मावशी नाही हसल्या.

२०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. मावशींचं घर तेव्हा पाण्यात होतं. "बिस्किटं एवढी आली की पोरं कंटाळली. पण भिंती धुवायला झाडू मिळंना."

आलेल्या मदतीचे उपकार आहेतच. तरी देताना आपण आधी स्वतःचं कपाट बघतो, समोरच्याचं घर नाही. (माझ्या गठ्ठ्यात काय होतं ते विचारू नका!) आणि पहिल्या आठवड्यात शिजवलेलं अन्न लागतं, नंतर फावडी, घमेली, वह्या-दप्तरं. तोवर फोटो काढणारे पांगलेले असतात.

दुसरा टेम्पो परवा निघतोय. जनावरांसाठी चारा किंवा पेंड देणारं कुणी आहे का ओळखीत?