तुम्ही विचारलंत म्हणून: सुईनंतर व्यायाम कशाला?

“मॅडम, सुई टोचल्यावर कंबर मोकळी झाली. आता व्यायाम कशाला?” टेबलावरून उतरता उतरता विचारलेला हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एकदा लिहूनच उत्तर देते.

ड्राय निडलिंगच्या, म्हणजे आखडलेल्या स्नायूत बारीक सुई टोचण्याच्या उपचारातल्या सुईत औषध नसतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कंबरेत मणक्याला लगटून असलेल्या मल्टिफिडस या स्नायूपर्यंत ती नेली की आखडलेला भाग क्षणभर फडकतो आणि बरेचदा दुखणं उतरतं. पण दुखणं उतरलं म्हणजे स्नायू कामाला लागला असं नाही. ऑस्ट्रेलियात फिजिओथेरपीच्या संशोधक ज्युली हाइड्स यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांचं दुखणं ४ आठवड्यांत गेलं होतं. तरी खास व्यायाम न दिलेल्यांचा मल्टिफिडस १० आठवड्यांनंतरही भरून आला नव्हता.

व्यायामाबद्दल मी हट्टी झाले ती मात्र पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका मावशींमुळे. एमआरआयमध्ये विशेष काही नाही, म्हणून घरात ‘कामाचा कंटाळा’ असं बोललं जायचं. त्यांना पालथं झोपवून सोनोग्राफीचा प्रोब लावला, हात उचलायला सांगितला. उजवीकडचा स्नायू पडद्यावर जाड झाला. डावा, दुखरा, जेमतेम हलला. “म्हणजे मी नाटक करत नव्हते ना?” त्यांनी विचारलं, आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलवायला लावलं. ते पडद्याकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. मग सुई दिली. पुन्हा हात उचलला तेव्हा डावी बाजूही जाड होताना दिसली. मावशींना रडू आवरेना.

दुखणं गेलं. पहाटे चारला कणीक मळायला घेणाऱ्या बाईला व्यायामाला वेळ कुठला? दिवाळीच्या ऑर्डरींत कंबर पुन्हा धरली, आणि घरचे म्हणाले, “सुया टोचून घेतल्यास ना? आता काय नवीन?” ज्या सुईनं त्यांचं दुखणं खरं ठरवलं, तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली. हे मला अजून सहन होत नाही.

तेव्हा मी म्हणायचे, सुईनं स्नायू जागा होतो. आज इतक्या ठामपणे म्हणवत नाही. दुखत असताना शरीरच त्या स्नायूला आवरून धरतं. दुखणं घटलं की तो आवर सुटतो, एवढंच असू शकेल. प्रोब जरा तिरका झाला तरी मोजलेली जाडी बदलते. मग सुई वापरतेच कशाला? कारण ठणकणाऱ्या कंबरेनं व्यायाम होत नाही. सुईनंतरच्या त्या थोड्या बऱ्या दिवसांत तो सुरू करता येतो, आणि तेच दिवस तुम्ही ‘बरी झाले’ म्हणून घालवता, याचा मला राग येतो.

मावशींना आता ओट्यापाशी, तवा तापेपर्यंत करता येईल असा व्यायाम दिलाय. एवढ्यानं मल्टिफिडस भरणार नाही, असं माझी सहकारी म्हणते. मी तिच्याशी भांडते, आणि दर खेपेला मावशींना प्रोब लावून बघते.