फाटकावरचा वाघ

मुंबईच्या सीएसएमटी रेल्वे स्थानकाच्या जुन्या इमारतीसमोर संध्याकाळी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. दिवे लागले की सगळ्यांचे मोबाईल घुमटाकडे वळतात. वर हातात मशाल आणि चाक घेतलेली ‘प्रगती’ उभी आहे, तिचा फोटो निघतो, घड्याळाचा निघतो. फाटकाच्या दोन खांबांकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान.

फोर्टातल्या एका बँकेत माझी सगळी नोकरी कॅश काउंटरवर गेली. डोंबिवलीहून आलेली लोकल सोडायची आणि चालत बँक गाठायची. नोटा आणि नाणी हाताळता हाताळता त्यांच्यावरच्या चित्रांचा नाद लागला, आणि त्या नादापायी मी या वाघापर्यंत पोचले. मुंबईत बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हा वाघ सांगते. इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा, हे दोन प्राणी घडवले टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराने. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की सिंह आणि वाघ एकाच उंचीवर बसलेत. कुणी कुणाच्या अंगावर नाही, कुणी कुणाच्या पायाखाली नाही.

हे मोलाचं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

वाघ हे चिन्ह मुळात अख्ख्या हिंदुस्थानचं नव्हतंच, ते टिपू सुलतानचं होतं. सिंहासनावर वाघाची मुंडकी, सैनिकांच्या कपड्यांवर वाघाचे पट्टे, हत्यारांवर वाघ. त्याच्यासाठी केलेला एक लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जवळजवळ खऱ्या मापाचा वाघ, त्याच्याखाली उताणा पडलेला गोरा शिपाई. वाघाच्या पोटात वाद्य बसवलेलं आहे. दांडा फिरवला की शिपायाचा हात वरखाली होतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि ईस्ट इंडिया कंपनीने हा वाघ लुटीत उचलून लंडनला नेला. १८०८ पासून तो कंपनीच्या कचेरीत लोकांना बघायला ठेवला होता.

त्या विजयाचं कंपनीने एक पदक काढलं. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत ते पाडलं. मोठ्या अधिकाऱ्यांना सोन्याचं, मग दर्जाप्रमाणे चांदीचं, काशाचं, शिपायांना कथलाचं. पदकावर ब्रिटिश सिंहाने वाघाला खाली दाबून धरलंय. वरच्या निशाणावर अरबी अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ ‘ईश्वराचा विजयी सिंह’. टिपूच्या वाघाखाली गोरा शिपाई होता, इथे सिंहाखाली वाघ आला. उत्तर त्याच भाषेत दिलं गेलं. आणि माझ्या मते नेमकं इथेच एका राजाचं चिन्ह सगळ्या देशाच्या गळ्यात पडायला सुरुवात झाली. मराठे, निजाम, शीख, राजपूत यांच्या निशाणांशी त्या वाघाचा काही संबंध नव्हता. पण लंडनमध्ये बसून चित्र काढणाऱ्याला एकच प्राणी हवा होता, आणि तो त्याला श्रीरंगपट्टणात आयता मिळाला.

पुढे १८५७ च्या उठावाच्या बातम्या विलायतेत पोचल्या. २२ ऑगस्ट १८५७ ला लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात जॉन टेनिएलचं मोठं व्यंगचित्र आलं. एक गोरी बाई आणि तिचं मूल जमिनीवर पडलेत, त्यांच्यावर बंगालचा वाघ, आणि सिंह त्या वाघावर झेप घेतोय. चित्राचं नावच सूडाचं होतं. पुढच्या वर्षी एडवर्ड आर्मिटेज या चित्रकाराने एक भलं मोठं तैलचित्र रंगवलं. त्यात सिंह नाही, खुद्द ब्रिटानिया आहे, म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन. तिने वाघाचा गळा धरलाय आणि दुसऱ्या हातातली तलवार आता त्याच्यात खुपसणार आहे. इंग्रज घरांत तेव्हा ही चित्रं बघून लोकांचं रक्त तापत असणार. इकडे गावंच्या गावं जाळली जात होती, झाडांना माणसं लटकवली जात होती, ती या चित्रांत कुठेच नाहीत. वाघाला मारताना कुणाला वाईट वाटत नाही. माणसांच्या जागी जनावर काढलं की केवढं काम सोपं होतं, हे या दोन चित्रांइतकं स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

म्हणून देशाचं चिन्ह बघताना मी प्राणी कोणता ते नंतर बघते. तो काय करतोय ते आधी. वाघ तोच. टिपूकडे तो चढलेला, पदकावर दबलेला, ‘पंच’मध्ये बायकामुलांवर तुटून पडलेला. आणि तीसेक वर्षांनी, आपल्या बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटीला, सिंहाच्या बरोबरीने बसलेला. राज्य तेव्हाही त्यांचंच होतं, फाटकही त्यांनीच बांधलं, आणि त्या बरोबरीत खरी बरोबरी नव्हती हे मला कळतं. रेल्वेच्या मोठ्या जागा गोऱ्यांना होत्या. तरीही दगडात एकदा बरोबरी कोरली गेली आणि ती राहिली. रोज लाखो माणसं त्या आवारात येतात-जातात, त्यांच्यासमोर हा वाघ मान न झुकवता बसलेला आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

तिथून टांकसाळ पायी दहा मिनिटांवर. १८२० च्या दशकात बांधलेली ही टांकसाळ आहे, आणि तिथे ब्रिटानियाची चांदीची नाणी पडत होती हे फार जणांना माहीत नसतं. कारण ती नाणी आपल्यासाठी नव्हतीच. १८९५ पासून मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत हाँगकाँग आणि मलायाकडच्या व्यापारासाठी ‘ट्रेड डॉलर’ पाडले जायचे. जवळपास सत्तावीस ग्रॅमचं नाणं, नव्वद टक्के चांदी. एका बाजूला समुद्रकाठी उभी असलेली ब्रिटानिया, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, मागे शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलाय लिपीत ‘एक डॉलर’.

फोर्टातल्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने पहिल्यांदा ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंग दिलं. म्हणाला, “ताई, त्रिशूळाचं मधलं टोक बघा.” तिथे राईच्या दाण्याहून बारीक ‘बी’ हे इंग्रजी अक्षर होतं. बी म्हणजे बॉम्बे. ब्रिटानियाच्या अंगावर आणि आजूबाजूला छोटे छोटे ठसे मारलेले होते. चीनमधले व्यापारी आणि सराफ चांदी पारखून घेत आणि खरी निघाली की आपला ठसा उमटवत, तेच हे. आपल्या कामगारांनी मुंबईत पाडलेली इंग्लंडची देवी, तिच्यावर चिनी सराफांचे घाव! मी ते नाणं हातातून सोडेचना. शेवटी दुकानदाराने चहा मागवला.

ब्रिटानिया मूळची रोमन लोकांची. त्यांनी जिंकलेल्या बेटाचं चिन्ह म्हणून रोमन सम्राट हेड्रियनने ती नाण्यावर आणली. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तिला तांब्याच्या नाण्यांवर परत आणलं, तेव्हा दरबारातली फ्रान्सिस स्ट्युअर्ट तिच्यासाठी नमुना म्हणून बसली असं मानतात. पुढे इंग्लंडचं आरमार वाढलं तसा भाला जाऊन तिच्या हातात समुद्रदेवाचा त्रिशूळ आला. हात रिकामे कधीच नव्हते आणि हातातलं कधी लढाईशिवाय दुसऱ्या कामाचं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही; अधूनमधून दिलेली शांततेची डहाळी सोडून.

आता तिच्याशेजारी अवनींद्रनाथ टागोरांची भारतमाता ठेवून बघा. १९०५ चं चित्र, वंगभंगाच्या दिवसांतलं. आधी त्यांनी तिला ‘बंगमाता’ म्हटलं होतं. भगवी वस्त्रं, चार हात, पायाशी कमळं. चार हातांत चार गोष्टी: पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि जपमाळ. विद्या, अन्न, कपडा, साधना. शस्त्र एकही नाही. वाहनही नाही, सिंहसुद्धा नाही. कॅलेंडरवरची, झेंडा घेतलेली, सिंहाशेजारी उभी असलेली भारतमाता आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेली आणि तिच्यावर माझा राग नाही. पण मला विचाराल तर देशाची इतकी चांगली ओळख पुन्हा कुणी काढली नाही. ज्या वर्षी सरकार बंगालचे तुकडे करत होतं, त्या वर्षी एका चित्रकाराने मातेच्या हातात तलवार दिली नाही, भाताच्या लोंब्या दिल्या. त्याला किती धीर लागला असेल!

योगायोग असा की सारनाथचे सिंहही १९०५ मध्येच जमिनीतून वर आले. ओएर्टेल या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तिथे खोदकाम चालू होतं. अशोकाच्या काळातले, पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, घासून आरशासारखे गुळगुळीत केलेले. खालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह चालताहेत, मध्ये मध्ये चाकं. हे सिंह कुणावर झेप घेत नाहीत, चारी दिशांना तोंड करून बसलेत. २६ जानेवारी १९५० ला ते आपलं राजचिन्ह झाले. सिंह इंग्रजांचा, असं शंभर वर्षं चित्रांतून ठसवलं गेलं होतं. इंग्लंडच्या रानात सिंह नाही आणि आपल्या गीरमध्ये तो आजही आहे.

दरम्यान वाघाचं काय झालं, ते आमच्या बँकिंगच्या दुनियेत घडलं. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हा तिला शिक्का हवा होता. समोर होती कंपनी सरकारची दोन मोहरांची सोन्याची मुद्रा, तिच्यावर सिंह आणि ताडाचं झाड. ठरलं असं की झाड ठेवायचं, पण सिंह काढून वाघ घ्यायचा, कारण हिंदुस्थानची ओळख म्हणून वाघच जास्त शोभतो. नमुन्यासाठी कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर या जुन्या वाड्याच्या फाटकावरच्या वाघाचे फोटो मागवले. तरी पहिली रेखाटनं मनासारखी उतरेनात. डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांनी कळवलं की हा वाघ कुत्र्याच्या जातीचा वाटतो, आणि झाडाजवळ कुत्रा असा शिक्का निघाला तर लोक हसतील. एवढ्या मोठ्या बँकेचे अधिकारी वाघाच्या अंगयष्टीवर इतकी पत्रापत्री करत होते, हे वाचून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. चिन्हाकडे असंच बघायला हवं. रोज नोटांच्या गड्ड्या मोजताना तो शिक्का माझ्या बोटांखालून गेला आहे. आजच्या नोटेवर गव्हर्नरांच्या सहीजवळ तो वाघ असतो आणि उजवीकडे अशोकस्तंभाचे सिंह. मळक्या नोटा वेगळ्या काढतानाही त्यांच्यावरून नजर फिरायची.

सरकारी राष्ट्रीय प्राणी म्हणून वाघ बराच उशिरा आला. आधी तो मान सिंहाकडे होता. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्याच सुमारास वाघाला मिळाला. तेव्हा शिकारीने वाघ संपत आला होता, त्याला वाचवायचं होतं. मारायच्या जनावराचं रक्षण करायच्या जनावरात रूपांतर झालं, ही टेनिएलच्या चित्रापासूनची केवढी मोठी मजल आहे!

माझ्याकडे १९४७ चा एक रुपया आहे. निकेलचा, चुंबकाला चिकटतो. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ. या वाघाच्या आसपास सिंह नाही, शिपाई नाही, ब्रिटानिया नाही. तो एकटाच आहे. स्वातंत्र्यानंतरही हीच नाणी काही काळ चालली. मग १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची नवी नाणी निघाली. राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले, आणि रुपयावर वाघाच्या जागी धान्याची कणसं.

हे दोन्ही रुपये दुर्मिळ नाहीत, फार पैसेही पडत नाहीत. नाण्यांच्या कुठल्याही दुकानात मिळतील. शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघा, आणि घरात मुलं असतील तर भिंग आधी त्यांच्या हातात द्या.