प्रेमप्रकरण काढून टाकलं तर कथा चालेल का?

तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन फँटसीचा (जुलमी राजवटीखालच्या कल्पित जगातल्या कथेचा) कच्चा खर्डा हातात आला की सगळ्यात आधी हे तपासावं. प्रेमाचे सगळे प्रसंग बाजूला काढायचे आणि उरलेलं वाचायचं. बंड तसंच होत असेल, राजवट तशीच कोसळत असेल, तर प्रेमकथा वरून चिकटवलेली आहे. राजवटीचा जो मुख्य कायदा, तोच प्रेमाच्या आड यायला हवा. लॉरेन ऑलिव्हरच्या ‘डेलिरियम’मध्ये (२०११) प्रेम हाच आजार ठरवलाय आणि वयाच्या १८ व्या वर्षी त्यावर सक्तीचा उपचार होतो. नायिका प्रेमात पडली की गुन्हा आपोआप घडतो, वेगळा संघर्ष शोधत बसावं लागत नाही.

म्हणून सुरुवात नकाशा किंवा राजघराण्याच्या वंशावळीपासून करू नका. एकच नियम ठरवा आणि त्याचा हिशोब कागदावर मांडा. सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) जीवघेण्या खेळासाठी मुलं चिठ्ठ्या काढून निवडतात. १२ व्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते. घरात धान्य-तेल कमी पडत असेल तर माणसागणिक एक जादा चिठ्ठी टाकून ते मिळवता येतं, आणि या चिठ्ठ्याही साठत जातात. त्यामुळे १६ वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या नावाच्या २० चिठ्ठ्या असतात, तिच्या १८ वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या ४२. गरिबाच्या पोराला धोका जास्त, हे कुणीही भाषण न देता कळतं.

आता जादूचा एक नियम बनवून पाहू. शहरातले दिवे आठवणींवर जळतात. साधी आठवण दिली तर दिवा महिनाभर चालतो, प्रिय माणसाची दिली तर वर्षभर. दिलेली आठवण परत येत नाही. घरात ४ दिवे असतील तर वर्षाला ४८ साध्या आठवणी लागतील, किंवा प्रेमाच्या फक्त ४. एवढ्यावरच राजवटीचं धोरण दिसायला लागतं: तरुणांनी प्रेमात पडावं असं सरकारला मनापासून वाटतं, कारण तेच सगळ्यात चांगलं इंधन आहे. मेळे भरतात, गाणी वाजतात आणि १८ वं लागलं की वसुली. नायिका वसुली कचेरीत नोंदी ठेवते. एके दिवशी तिला जुन्या वहीत स्वतःची सही सापडते, समोर एका मुलाचं नाव, आणि तो मुलगा रोज शेजारच्या टेबलावर बसतो.

इथे जादूला किंमत आहे आणि ती किंमत प्रेमातूनच चुकवावी लागते. बहुतेक खर्डे घसरतात ते इथेच. नायिकेच्या हातातून ऐन वेळी प्रकाश फुटतो, पहारेकरी कोसळतात, तिला मात्र काहीच गमवावं लागत नाही. मग पुढच्या संकटात ती तेच का करत नाही, हा प्रश्न वाचक विचारणारच. प्रत्येक प्रयोगानंतर काय कमी झालं, याची प्रकरणवार नोंद ठेवा.

दुसरी चूक म्हणजे नुसती दुष्ट राजवट. लोक ती सहन करतात कारण त्यांना काहीतरी मिळतं. आपल्या दिव्यांच्या शहरात रात्री उजेड असतो, बाहेर काळोखात काहीतरी फिरतं. हा फायदा खरा असू द्या. नायिकेच्या आईला तो हवाहवासा वाटला पाहिजे.

प्रेमाचा त्रिकोण घालायचाच असेल तर दोन मुलगे दोन राजकीय वाटा असावेत. एक म्हणतो दिवे फोडू, दुसरा म्हणतो वसुली कमी करून घेऊ. एकाचे डोळे निळे आणि दुसऱ्याचे काळे, एवढाच फरक असेल तर एकाला खुशाल कापा. आणि दोघांतल्या एकाकडे अधिकार असेल (वसुली अधिकारी, पहारेकरी), तर तिच्या होकाराला धाक चिकटलेला असतो. त्याने अधिकार सोडल्यावरच चुंबनाचा प्रसंग यावा, नाहीतर जो जुलूम तुम्ही दाखवताय तोच तुम्ही गोड करून वाढताय.

लांबी ८० हजार शब्द धरली तर माझं गणित साधारण असं: पहिल्या ५ हजारांत नियम एखाद्यावर लागू होताना दिसावा, १२ हजारांच्या आत दोघांची गाठ पडावी, ४० हजारांच्या आसपास एकाने दुसऱ्यासाठी कायदा मोडावा, ६० हजारांपाशी त्याची शिक्षा तिसऱ्याच कुणाला तरी व्हावी. इतिहास सांगणारं आधीचं प्रकरण बहुधा कापावंच लागतं.

या प्रकारातल्या बऱ्याच इंग्रजी कादंबऱ्या प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहेत. मराठीत ‘मी धावतेय, मी वळतेय’ तीनशे पानं वाचणं जड जातं. भूतकाळ घ्या, वर्तमानकाळ पाठलागापुरता राखून ठेवा. उलट आपल्याकडे एक हुकमी साधन आहे: राजवटीने हुद्द्यानुसार ‘तुम्ही’ सक्तीचं केलं, तर दोघांमधलं पहिलं ‘तू’ चुंबनाहून धोक्याचं ठरतं. ते चुकून आधीच वापरलं गेलं नाही ना, हे शेवटच्या वाचनात शोधून पाहा.

मालिका करायची असली तरी पहिल्या भागात काहीतरी मिटायला हवं. राजवट टिकली तरी चालेल, पण त्या वहीतल्या सहीचं काय झालं आणि मुलाला ती आठवते की नाही, हे त्याच पुस्तकात सांगून टाका.